भिंतीतले पिंपळ सोडवणारे साडू

आमच्या साडूंइतका वर बघत चालणारा माणूस नांदेड-लातूर रस्त्यावर दुसरा नसेल. माणसं वर बघतात ती देवासाठी, नाहीतर पावसासाठी. साडू बघतात लोकांच्या भिंतींकडे. सज्ज्यावर, टाकीच्या बुडाशी, पन्हाळीच्या सांध्यात कुठे चार पानांचा पिंपळ उगवलाय का, हे हेरण्यात त्यांची हयात गेली. त्यापायी एकदा लातूरच्या गंजगोलाईत, भर बाजारात, ते हातगाडीवरच्या टरबुजांत जाऊन बसले, तरी मान खाली आली नाही. पिंपळ भिंतीवर का उगवतो, हे त्यांना विचारायची सोय नाही. चहा गार होतो. "बी आईच्या बुडाशी पडलं तर सावलीतच मरतंय. साळुंकीच्या पोटातून गेलं की कसं झ्याक रुजतंय! झाडाला पाय न्हाईत, म्हणून देवानं पाखरं दिली." हे सगळं ते भरल्या ताटावर सांगतात, आणि पाखराच्या शिटेपाशी आले की त्यांचा आवाज विशेष भरून येतो.

आपल्याकडे भिंतीतला पिंपळ कुणी उपटत नाही. उपटणाऱ्याचा निर्वंश होतो म्हणतात. भिंतीला तडे जातात, घर गळतं, पण हात लावायला कुणी धजत नाही. मग चाकूरला साडूंना फोन जातो. ते सांधा पाण्यानं भिजवतात, मुळाला धक्का न लावता रोप सोडवतात, तेलाच्या रिकाम्या डब्यात वाढवतात आणि पुढे ओढ्याकाठी नेऊन लावतात. भोकरला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे कार्यालयाच्या कठड्यावर चढलेले. खालून हवालदारानं दटावलं, तर म्हणाले, "चोरी न्हाई करून राहिलो साहेब, लेकरू सोडवून राहिलो." हवालदारानं त्यांना उतरवून थेट चौकीवर नेलं. चौकीच्या मागच्या भिंतीतही एक पिंपळ होता. निर्वंशाची भीती घातली की साडू म्हणतात, "मला तीन पोरं हायत, आन तिघंबी माझं ऐकत न्हाईत. लागू द्या की पाप!"

ते पाप आम्हाला लागलं, असं आमच्या सासूबाईंचं मत. आमच्या नांदेडच्या घराचा पिंपळ साडूंनीच काढला होता, आणि आम्हाला मूल होईना. दवाखाने झाले, नवस झाले. बायको हळदीकुंकवाला जायची बंद झाली. शेवटी आम्ही एका संस्थेतून मुलगी दत्तक आणली. सासूबाई लातूरकडच्या मुरुडहून बारशाला आल्या खऱ्या, पण भिंतीला टेकून बसल्या. "कुणाचं कोण! म्या न्हाई हात लावणार," असं त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं होतं.

बारशात बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात द्यायची बायकांची रीत. पाळण्याच्या अलीकडे माझी बायको बाळ घेऊन बसलेली. पलीकडून घ्यायचा पहिला मान आजीचा. आजी हलेनात, म्हणून बाकीच्याही हलेनात. बायकोनं पुढे केलेलं बाळ परत मांडीवर घेतलं. मी दारात उभा. इतक्यात साडू गच्चीवरून उतरले. त्यांना तिथं कठड्यात नवा पिंपळ सापडला होता. कोपरापर्यंत चिखल घेऊन ते बायकांच्या घोळक्यातून सरळ आत आले आणि पाळण्यापलीकडे उकिडवे बसले. "दे गं पोरी हिकडं," ते माझ्या बायकोला म्हणाले. आणि बाळ हातात आल्यावर बाळाला म्हणाले, "ये माय. कुठून आलीस, कोणी न्हाई इचारत."

"जावईबापू, हात बघा की तुमचे!" सासूबाई कडाडल्या. "लेकराला समदी माती लावली!" त्या ताडकन उठल्या, बाळ हिसकून घेतलं, पदरानं त्याचं कपाळ पुसलं. बाळानं भोकाड पसरलं, तशी "न्हाई गं माझी बाय" म्हणत मांडीवर घेऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत आमची मुलगी आम्हाला मिळाली नाही.

सासूबाई आता नाहीत. त्या गेल्या तेव्हा सगळ्यांत जास्त आमची लेक रडली. साडूंचे गुडघे गेले, शिडी चढवत नाही. आमच्याकडे आले की खाली खुर्ची टाकून बसतात. या माणसाचे आमच्यावर केवढे उपकार आहेत, हे त्यांना तोंडावर सांगायचं मला अजून जमलेलं नाही. परवा एवढंच विचारलं, की बारशाच्या दिवशी हात धुऊन का नाही उतरलात, गच्चीवर तर नळ होता.

"होता की," साडू म्हणाले, आणि लेकीला हाक मारून प्यायला पाणी मागितलं.