गच्चीवर मोजलेला खर्ज

अंधेरीच्या एका कारखान्याच्या गच्चीवर दत्ताराम घाडी, सगळ्यांचे काका, गेली एकोणीस वर्षं सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर-बॉक्स, मोजत होते. ठरावीक वीज दिली की दोन मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा वहीत टिपायचा. ऐकणाऱ्याला वाटेल, ह्यात काय मोठंसं? पण त्या आकड्याच्या भरवशावरच माल बाहेर जायचा.

यंदा मालकांनी मोजमापासाठी बंद खोली बांधली, कॉम्प्युटर आणला आणि पवईत इंजिनिअरिंग शिकलेल्या मानसीला नेमलं. पहिल्याच दिवशी साठच्या साठ बॉक्स काकांच्या वहीपेक्षा तीन डेसिबल कमी भरले. म्हणजे चक्क निम्म्या ताकदीचा फरक! मालक भडकले. "काकांनी इतकी वर्षं थापाच लिहिल्या का? संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे. मग वही रद्दीत आणि काका घरी."

मानसी रिपोर्ट लिहायला बसली; आकडा तर समोर होता.

काकांनी एक जुना, कधीच न विकलेला बॉक्स आणला. रोज सकाळी ते आधी हाच मोजत. ह्याचा आकडा बरोबर आला तरच पुढचं काम. मानसीने तो लावला. तोही तीन कमी!

"काका, खोलीच खोटं बोलतेय!" ती ओरडलीच. बंद भिंतींवरून परतणाऱ्या लाटांनी खर्जाची वाट लागते, हे ती परीक्षेत लिहून विसरली होती.

"थांब गो. हा बॉक्स पण म्हातारा झाला असेल. गच्चीवर चल. तू मोज, मी नाय बघणार."

गच्चीवर काकांनी अर्धा तास बॉक्स वाजवून गरम केला, वायरीच्या टोकाला वीज तपासली, माइक जमिनीवरच्या खुणेवर ठेवला आणि खरंच पाठ फिरवली. हातात आलेला डाव कुणी असा परत मांडतं का?

मीटरवर ९१.५ आले.

वहीत काल ९१.४ होते, परवा ९१.२. मानसी पानं मागे उलटत गेली. एकोणीस वर्षं आकडा एक-दोन दशांश वरखाली, त्याहून जास्त कधीच नाही. थापा मारणाऱ्याने रोज एकच आकडा लिहिला असता.

"काका, पॉइंट एकने जास्त आलाय. कालचाच लिहू का?"

"नाय. दिसला तो लिही. आणि सही तुझी कर. मोजलंस तू."

संध्याकाळी मालकांनी रिपोर्ट वाचला. माल चोख होता. खोली नीट होईपर्यंत मोजमाप गच्चीवरच.

"मग चुकलं कोण?"

"मी," मानसी म्हणाली.