जेवणाच्या वेळचा माग

आम्हा वडगावच्या मागवाल्यांचा आवाज मुळातच चढा. घरात दोन-दोन पॉवरलूम खडखडत असताना हळू बोलून कुणाचं चालतं? शेजारची राजेश्वरी साधं 'पाणी दे' म्हणाली तरी वाटावं, भांडण लागलं. डॉक्टरनं तिला शुगरसाठी रोज चालायला सांगितलं आणि सोबतीला मी निघाले. सकाळी कपिलेश्वराला हात जोडायचे, तिथून किल्ल्याचा तलाव, मग किल्ल्यात कमल बस्तीच्या, त्या जुन्या जैन देवळाच्या, पायरीशी जरा टेकायचं आणि आल्या वाटेनं परत. तलावाकाठी ती "आक्का, बदकं बघ की!" म्हणून ओरडली की फिरायला आलेली लष्करी कॅम्पातली माणसं दचकून वळायची. आम्ही दोघी हसत सुटायचो.

दुपारी जेवायला गल्लीतले सगळे माग बंद होतात. तेव्हा एकट्या महादेवाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, माग सुरू व्हायचा. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. लोक म्हणायचे, कष्टाळू माणूस. मेले ते कष्ट! मधल्या भिंतीला टेकूनच मी जेवायची. विणकराच्या पोटी जन्मले, धोट्याशिवाय, आडवा दोरा नेणाऱ्या त्या लाकडी तुकड्याशिवाय, चाललेला माग मला कळत नाही होय? संध्याकाळी तिचं सुजलेलं मनगटही दिसायचं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी मूग गिळून बसले. सात वर्षं.

त्या दिवशी ती पिशवी घेऊन आली. बस्तीच्या पायरीवर बसली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "आक्का, मी आज घरला येत न्हाय. स्टँडवरनं सदलग्याची बस धरतो, बहिणीकडं ऱ्हातो. लई झालं. धोटा काढून माग चालू करतोय त्यो. धोटा हातात असतोय."

पदर सरकवून तिनं खांदा दाखवला. धोट्याच्या लोखंडी टोकाच्या खुणा, जुन्या-नव्या, एकमेकींवर.

"अगं बाई! मला कसं कळलं न्हाय?" मी म्हणाले. निर्लज्जपणे म्हणाले. तिनं उलट माझाच हात थोपटला.

तलावाशी पोचतोय तोच महादेवाची स्कूटर आडवी आली. घरातली रिकामी ट्रंक बघून तो निघाला होता आणि आमची वाट त्याला ठाऊक होती. त्यानं शर्टातून धोटा काढला आणि तिच्या कपाळावर हाणला.

लाकूड हाडावर बसल्याचा आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला. राजेश्वरी मागवालीच्या पुऱ्या गळ्यानं किंचाळली. महादेव थबकला, इकडंतिकडं बघायला लागला. मागाचा खडखडाट नसला की इतका आवाज होतो हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. तरी त्यानं दुसरा घाव घातला. तिनं हात आडवा धरला, बोटं मोडली. तिसऱ्या घावाआधी चारपाच जणांनी त्याला खाली पाडलं. चपला, लाथा, बुक्क्या, काही बाकी ठेवलं नाही. एका म्हाताऱ्या सुभेदारानं त्याच्या छातीवर गुडघा रोवला. मलाही एक लाथ घालायची होती. पाय उचलला नाही.

"घरातलं भांडण हाय हे!" तोंडातलं रक्त थुंकत तो ओरडला. "त्या नीलमाक्काला इचारा! भिंतीला भिंत हाय आमची. कधी काय ऐकलंय का, इचारा तिला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. राजेश्वरीही बघत होती, एकाच डोळ्यानं. दुसऱ्यात कपाळाचं रक्त ओघळलं होतं.

"ऐकलंय," मी म्हणाले. "सात वर्षं ऐकलंय. दुपारचा रिकामा माग."

पोलीस येईपर्यंत लोकांनी महादेवाला तसंच दाबून धरलं. मला वाटलं, चला, एकदाची तिच्या बाजूनं उभी राहिले.

"तुला ऐकू यायचं व्हय, आक्का?" राजेश्वरीनं विचारलं. अगदी हळू.

सुभेदाराच्या बायकोनं तिला दवाखान्यात न्यायला गाडी आणली. मी तिच्या शेजारी बसायला वाकले, तर राजेश्वरीनं मोडक्या हातानं पिशवी उचलली आणि त्या जागेवर ठेवली.