पदवीवरचं हळदीचं बोट

आई चार घरच्या पोळ्या लाटायची, तेव्हा आमची चूल पेटायची. माझ्या पदवीचा कागद घरी आला, तर तिनं नव्या सायकलीला लावावं तसं त्या कागदावर हळदीचं बोट ओढलं.

"अगं आई, हे कंपनीत दाखवायचंय!"

"मग दाखव की. नवी वस्तू कोरी वापरतात होय?"

मुलाखतीला पडद्यावर परदेशातले साहेब होते. मी पदवी कॅमेऱ्यापुढं धरली. आमच्या विद्यापीठाचं नाव त्यांनी ऐकलंच नव्हतं. डागाचं मात्र विचारलं. मी सांगितलं, तसे हसले. "बरं, काम काय येतं ते दाखवा." त्यांचा अडलेला प्रोग्राम मी तिथंच चालू केला.

जगभर विद्यापीठांची नावं तोलतात म्हणे. तोलोत बापडे! तो पिवळा डाग बघितला की वाटतं, नावापलीकडं बघणारेही भेटतात. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि पहिली पक्की नोकरीही माझीच.