सत्कारमूर्तींचं तेजोवलय आणि माझी बास गिटार

केजला मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. गणिताबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. गिटारबद्दल मात्र गावोगाव एकच प्रश्न येतो, "चारच तारा कावून? दोन तुटल्या का?" पूर्वी मी बास गिटारला मुळात चारच तारा असतात, ते समजावून सांगायचो. आता नुसतं हो म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात उमापूरच्या पुढे एका गावात सत्काराचा कार्यक्रम होता. सत्कारमूर्ती नुकतेच निवडून आले होते. कशावर, ते मला शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलं नाही. आम्ही दुपारीच पोहोचलो. स्टेजच्या मागे सत्कारमूर्तींचा दुमजली उंचीचा फोटो उभा होता, हात जोडलेला. डोक्यामागे एलईडी दिव्यांचं गोल चक्र फिरत होतं, आधी भगवं, मग हिरवं, मग जांभळं. देवळातल्या मूर्तीलाही इतकं तेज परवडत नाही.

मी गिटार जोडली, अ‍ॅम्प चालू केला आणि त्यातून "घूंऽऽ" असा आवाज निघाला. त्यावर "स्स्सऽऽ" अशी बारीक फुसफुस. मी अजून तारेला हातही लावला नव्हता.

लगेच तज्ज्ञ जमले. साउंडवाला लांबूनच म्हणाला, "अ‍ॅम्प खराब हाय. सेकंडहँड हाय ना?" आमचा गायक म्हणाला, "चालायचंच. मी गायला लागलो की कुणाला ऐकू येणार न्हाई." सत्कारमूर्तींचा एक कार्यकर्ता होता. पांढरे कपडे, कानाला सतत मोबाईल. त्याने मोबाईल बाजूला धरून उपाय सांगितला, "आवाज वाढवा की सर. मोठ्या आवाजात ह्यो दबून जाईल." घुमणाराच आवाज वाढवला तर घुमणंही वाढेल, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. त्याच्या क्षेत्रात ही युक्ती रोज लागू पडत असावी.

फुसफुशीचं कारण लगेच सापडलं. अ‍ॅम्पवरची सगळी बटणं कुणीतरी पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवली होती. गायकाने कबूल केलं, तोच. "मशीन आपलं हाय, मग निम्म्यावर कशाला चालवायचं?" मी बटणं खाली आणली, फुसफुस विरली. घूं मात्र तसंच.

मग मी अ‍ॅम्पमधली केबल उपसली. आवाज थांबला, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष होता. केबल बदलून पुन्हा जोडली, घूं परत हजर. एक्स्टेंशन बोर्ड पाहिला, तर त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन छाटलेली, दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून. साउंडवाल्याकडून तीन पिनांचा धड बोर्ड घेतला तेव्हा आवाज निम्मा झाला. उरलेला निम्मा काही जाईना. शेवटी मी गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू फिरलो. तोंड फोटोकडे केलं की घूं वाढे, एका विशिष्ट बाजूला वळलं की जवळपास बंद होई. चोर साहेबांच्या फोटोतल्या डोक्यामागे फिरत होता.

मी कार्यकर्त्याला म्हणालो, "मिनिटभर ते चक्र बंद करून बघू."

त्याने मोबाईल खिशात ठेवला. दिवसभरात पहिल्यांदा. "साहेबांचा लाईट बंद करायचा?"

"त्या दिव्यांची वीज गिटार पकडते. त्याचा आवाज येतोय."

"म्हंजी साहेबांमुळं आवाज येतो म्हणता का तुमी?"

"साहेबांमुळे नाही. तेजोवलयामुळे."

त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. तेवढ्यात डेकोरेशनवाल्याने कुठलीशी ढिली वायर आवळायला स्वतःहूनच चक्र बंद केलं, आणि गिटार गप्प झाली. इतकी, की गायकही थबकला. सगळ्यांनी ऐकलं. कार्यकर्त्यानेही. मग तो डेकोरेशनवाल्याला म्हणाला, "झालं का? लाव बे लवकर."

चक्र लागलं. घूं सुरू झालं.

माझ्यापुढे एकच मार्ग उरला, त्या शांत बाजूला तोंड करून वाजवायचं. दुर्दैवाने त्या बाजूला मंडपाचा कोपरा आणि पाण्याचा टँकर होता. सत्कारमूर्तींची खुर्ची बरोबर माझ्या पाठीमागे आली. तीन गाणी झकास झाली. चौथ्याला कार्यकर्ता वाकून वाकून स्टेजवर आला आणि कानात म्हणाला, "साहेबांकडं पाठ कावून करता? लोकं बघू लागलेत." मी खुर्चीकडे वळलो. घूं घुमलं. कपाळाला आठ्या घातल्या त्या साहेबांनीच. मी परत टँकरकडे वळलो.

भाषणात सत्कारमूर्ती हसत म्हणाले, "गिटारवाले सर आपल्यावर नाराज दिसतात. पाठ करून उभे हायेत. त्यांचंबी मन जिंकू." मंडप हसला. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारच्या दोन जागा रिकाम्याच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात, त्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराची माणसं केजला माझ्या घरी आली. चहा घेताना त्यांचा म्होरक्या म्हणाला, "तुमी भर सभेत त्यांच्याकडं पाठ केलती म्हणं. लई हिंमत लागते, सर."

मी त्यांना दिव्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग डोळा बारीक करून म्हणाला, "बरोबर हाय. उघड बोलू नका. आमाला कळतं."

जाताना त्यांनी आपल्या सभेत वाजवायचं आमंत्रण दिलं. मी नकार देणार होतो, पण गायकाने आधीच होकार कळवला होता. तिथे मला वाजवू देण्याआधी शाल घातली आणि निर्भीड कलावंत म्हटलं. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी म्हणालो, "मी फक्त गिटार वाजवतो." ते लोकांना फारच सूचक वाटलं. टाळ्या थांबेनात.

उन्हाळ्यात ते दोन्ही नेते एकाच गटात गेले. एकमेकांना पेढे भरवतानाचा फोटो मोबाईलवर सगळीकडे फिरला. तेव्हापासून त्या भागात आमच्या ऑर्केस्ट्राला बोलावणं नाही. गायकाने कारण विचारलं, तर कार्यकर्ता म्हणाला, सगळे एक झाले, आता विरोधात फक्त तुमचे सरच राहिलेत.