खिरापतीचा डबा

पुण्याहून मास्तरणीचं शिक्षण घेऊन मी कल्याणला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत शिक्षणशास्त्राची जाड पुस्तकं होती आणि डोक्यात हवा. दोन्हींचा फारसा उपयोग झाला नाही. शिकवावं कसं, ते मी एका पितळी डब्यापासून शिकले. कुणीही नवी मास्तरीण भेटली की मी तिला हे छातीठोकपणे सांगते, आणि ती हसली तर बसवून सगळी हकीकत ऐकवते.

माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. बिऱ्हाड कल्याणला, आणि मुलींचा वर्ग तिथल्याच एका वकिलांच्या ओसरीवर भरायचा. वकीलसाहेब शाळा-कमिटीवर होते. जागा त्यांची, तेव्हा मतही त्यांचंच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "बाई, हा वर्ग वर्षाच्या बोलीवर आहे. शिमग्याआधी शाळाखात्याचे डिपोटी साहेब परीक्षेला येतील. शेरा चांगला पडला तर ओसरी मुलींची. नाही पडला तर माझे पक्षकार उन्हात उभे असतात, ते इथे बसतील."

मुलींना काही येत नव्हतं असं नाही. उलट फार येत होतं. पाढे, श्लोक, भूगोलाची पानंच्या पानं एका सुरात म्हणायच्या. "पृथ्वी वाटोळी आहे," सगळ्याजणी ओरडायच्या. मी विचारायची, "कशावरून गं?" तर तितक्याच जोरात, "पुस्तकावरून!" त्या गजरात कोण म्हणतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सोनाराची एक मुलगी तर ओठही हलवत नसे. नाव घेतलं की पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. तिची आई म्हणाली, "बाई, ती जराशी मंदच आहे. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

मला राग आला, आणि माझा राग काही सौम्य नाही. पण कुणावर काढावा तेच कळेना.

मग आश्विनात हादगा आला. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरू लागल्या. सोनारांच्या अंगणात त्या दिवशी मलाही बोलावणं होतं. गाणी संपली आणि शेजारची एक बाई झाकलेला डबा घेऊन पुढे आली. आमच्या आळीत रीत अशी, की खिरापत ओळखायची, आणि जी ओळखेल तिच्याच हाती डबा द्यायचा, तिनंच ती सगळ्यांना वाटायची.

"करंजी!" "लाडू!" "वाटली डाळ!" मुली तोंडाला येईल ते ओरडत होत्या. तेवढ्यात ती सोनाराची मुकी मुलगी पुढे झाली. तिनं डबा कानाशी धरून हलवला.

"वाजत नाही. म्हणजे लाडू नाही, वडी नाही," ती म्हणाली. मग बुडाला हात लावला. "गरम आहे. काकू, गोड की तिखट?"

"गोड."

"हाताला चिकटतं?"

"जरासं."

"तुमच्या दारात सकाळी करवंट्या पडल्या होत्या. नारळीभात!"

आणि नारळीभातच होता. ती डबा घेऊन मुलींना घास घास वाटत सुटली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. ही मंद? हिचं डोकं तर वकिलांच्याही डोक्याहून चलाख चालत होतं. मंद होती ती माझी शाळा, जिथे डबा आधीच उघडा असायचा आणि मुलींनी फक्त आ करायचा.

दुसऱ्या दिवशी मी घरचा पितळी डबा घासूनपुसून वर्गात नेला. आत लोखंडाचा तुकडा ठेवला आणि म्हटलं, "ओळखा. पण आधी विचारा." पुढे शिंपला ठेवला, कापूस ठेवला. मग डबा रिकामाच ठेवून मी मनात 'बेट' धरलं आणि ओळखायला सांगितलं. "जिवंत आहे का?" "चालून जाता येतं का?" "मग होडीनं?" "चारी बाजूंनी पाणी?" विचारता विचारता मुली थेट खाडीपलीकडच्या साष्टी बेटावर जाऊन पोचल्या, आणि बेट म्हणजे काय ते त्यांना पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही. पुढेपुढे डबा लागेनासा झाला. मी नुसतं "डबा!" म्हटलं की प्रश्नांचा पाऊस पडायचा, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न सोनाराच्या मुलीचे असायचे.

जाड पुस्तकांतही हेच लिहिलेलं होतं, नाही असं नाही. फक्त तिथं ते मला शब्दांत भेटलं होतं आणि इथं माणसांत भेटलं. मूल प्रश्न विचारतं तेव्हा ते शिकत असतं. मास्तरानं उत्तर द्यायची घाई केली की शिकणं तिथंच थांबतं. एवढं ज्याला कळलं त्यानं छडी खुशाल चुलीत घालावी.

वकीलसाहेबांना मात्र ओसरीवरचा गलका खपेना. "बाई, परवचा ऐकू येत नाही हल्ली. आणि मुली विचारायला शिकल्या तर सासरी नांदतील कशा?"

"विचारणारी मुलगी फसत नाही, वकीलसाहेब," मी म्हटलं. "तुम्हीही कोर्टात विचारूनच पोट भरता ना?"

त्यांनी उपरणं झटकलं. "डिपोटी येऊ देत. मग बघू."

डिपोटी साहेब आले. लाल पगडी, हातात काठी, चेहरा कुणी न हसवलेला. वकीलसाहेब त्यांच्या शेजारी लोडाला टेकले. साहेबांनी पाढे विचारले, वाचून घेतलं. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "या जिल्ह्यातून मुंबईस जाणारा मुख्य जिन्नस कोणता?"

पुस्तकातलं उत्तर 'मीठ' होतं. तोंडून निघायला क्षण पुरे. पण मुलींना वाटलं, साहेबांनी डबा आणला!

"खाण्याचा की बांधकामाचा?" एकीनं विचारलं.

"होडीनं जातो का आगगाडीनं?"

"साहेब, पिकतो की खणून काढतात?"

साहेबांचा चेहरा पगडीच्या रंगाचा झाला. "मी परीक्षा घ्यायला आलोय की द्यायला?"

वकीलसाहेब मला डोळ्यांनी खुणावत होते, उत्तर सांगून टाका म्हणून. एक शब्द पुरवला की वर्ग वाचत होता. पण मग वाचणार काय होतं? तोच जुना गजर. मी पदर सावरला आणि म्हटलं, "साहेब, त्या उद्धटपणा करत नाहीत. त्यांना असंच शिकवलंय, मी. आपण एका प्रश्नाला उत्तर देऊन बघावं."

साहेब नाइलाजानं म्हणाले, "खाण्याचा."

सोनाराच्या मुलीनं लगेच धरलं. "नुसता खाता येतो?"

"नाही."

"पाण्यात टाकला तर उरतो?"

"...नाही."

"मीठ! पण साहेब, भातही जातो, गवतही जातं. मग तुम्ही एकच का विचारलात?"

साहेबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मिशीत काहीतरी हललं. "बरं," ते म्हणाले, "आता तू धर मनात. मी ओळखतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वकीलसाहेबांकडे पाहिलं, आणि डोळे मिटून उघडले. "धरलं."

"खाण्याचं?"

"नाही."

"घरात असतं?"

"आमच्या घरात नाही."

"मला दिसतंय का आत्ता?"

"हो. आत्ता दिसतंय."

"उद्या दिसेल?"

"ते आम्हांला नाही ठाऊक, साहेब. ते तुमच्या हातात आहे."

वकीलसाहेब चुळबुळले. साहेब त्या ओसरीकडे, पाट्यांकडे, कोपऱ्यातल्या पितळी डब्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "शाळा."

पोरीचं तोंड आनंदानं फुललं. समोर डिपोटी आहेत, की आळीतल्या काकू, याचं तिला भानच उरलं नाही. "ओळखलीत!" ती म्हणाली. "आता सगळ्यांना वाटा."

साहेबांनी दौत मागवली आणि तिथंच शेरा लिहिला, की हा वर्ग चालू ठेवावा, आणि असाच एक ठाण्यासही उघडावा.