उपासाची गोळी

देवाचा मला कधी राग येत नाही, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी तर चांगलाच आला होता. बिबवेवाडीतल्या पोळीभाजी केंद्रात वीस वर्षं उभ्याने पोळ्या लाटून पायांच्या शिरा फुगल्या होत्या, आणि डाव्या घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले, पाय उंच ठेवायला सांगितलं, जेवणानंतर घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. "जखम अशीच राहिली तर उभ्याचं काम बंद," असंही बजावलं. काम सुटलं तर मी करणार काय, या विचाराने जीव टांगणीला लागला. मग सोमवार-गुरुवारच्या उपासांत मी शनिवारचीही भर घातली.

आता माझं शहाणपण ऐका. गोळी घेतली की उपास मोडतो, असं आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलेलं. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस मी गोळीला हात लावत नव्हते. डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं. "गुण कसा येत नाही?" असं त्यांनी विचारलं, की मी चेहरा पाडून बसायचे.

एका गुरुवारी दत्ताच्या देवळात दर्शनाच्या रांगेत पाय असा ठणकला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी मला धरून बाकावर बसवलं, पाय वर घ्यायला लावला. त्या पूर्वी औषधांच्या दुकानात काम करत होत्या. कोणती गोळी चालू आहे, ते त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, आणि आज उपास म्हणून घेतली नाही, हेही सांगून टाकलं.

"अहो, ही संत्र्या-मोसंब्यांच्या सालीतल्या द्रव्यापासून करतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवाला तुमची साबुदाण्याची खिचडी चालते, आणि फळाच्या सालीचं औषध तेवढं चालत नाही होय?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. "डॉक्टरांना मात्र खरं सांगा," एवढं बोलून त्या रांगेत गेल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे कबुली दिली. त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि मी इथे औषध बदलायचा विचार करतोय!" म्हणाले.

त्यानंतर गोळी रोज, मोजे रोज. जखम हळूहळू सुकली आणि एक दिवस पूर्ण भरली. नुसत्या गोळीने नाही, मोज्यांचा वाटा मोठा, असं डॉक्टर म्हणतात. मी वाद घालत नाही. त्या बाईंना नेमकं माझ्याच मागे कुणी उभं केलं, तेही कुणाला पटवायला जात नाही. काम सुटायची धास्ती गेली, छातीवरचं ओझं उतरलं, एवढं खरं.

इतके दिवस मी देवाला 'बरं कर' म्हणत होते, पण कसं करायचं तेही मीच त्याला शिकवत होते. उपास अजून करते. फराळ झाला की गोळी घेते आणि पाय उशीवर ठेवून आडवी होते. पूर्वी पडून देवाचं नाव घ्यायची लाज वाटायची. आता तशीच पडून म्हणते, "दत्ता, पुढचं तू बघ. मला झोप येतेय."