बिननावाची हाक

माघात एका दुपारी आभाळ काळंशार झालं आणि माझ्या खिशात बायकोचा मोबाईल बोंबलला. ती मागच्या पावसाळ्यात गेली, मोबाईल तेवढा ऱ्हायला. मी चौथीपर्यंत शिकलेला. एकेक अक्षर लावत वाचलं: गारपीट होणार, वीज पडंल, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

मी चिंचेखालीच बसलो होतो. उठलो न्हाई. घरी वाट बघणारं कोण होतं?

बांधापलीकडं माझा चुलतभाऊ हरभरा उपटत होता. माझ्याहून मोठा, दमेकरी, तोंडात दात न्हाईत. पर त्याची बायको धडधाकट हाय. माझी त्या दोघांहून लहान, तीच गेली. खोटं कशाला सांगू, तवापासून मला त्याच्या ताटातल्या भाकरीकडंबी बघवत न्हाई. 'लई बोलते रे ही,' असं तो कुरकुरला की वाटतं, एक ठिवून द्यावी.

वारं सुटलं, पहिल्या गारा पडल्या आणि हाक आली.

"अवो! ऐकलं का? या बिगी बिगी!"

आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. माझीनंबी जलमभर घेतलं न्हाई. 'अवो' कानावर आलं की मी उठायचो. तसाच उठलो. विळा टाकला नि हाकेकडं पळालो. बांध ओलांडला तवा ध्यानात आलं. भावाच्या आखाड्यावर, शेतातल्या त्या इटांच्या खोलीच्या दारात, वैनी डोक्यावर घमेलं धरून उभी होती.

भाऊ मागून धापा टाकत आला. खोकतखोकत हसला. "आरं येड्या, तुला न्हाई, मला बोलावती ती!"

"ठावं हाय मला."

"भावजी, तुमाला का येगळं आवतन देऊ?" वैनी वरडली. "व्हा आत!"

वर पत्र्यावर गारांचा नुसता ताशा. वैनीनं फडकं घेऊन आधी त्याचं डोकं खसाखसा पुसलं. "हरभरा काय पळून चालला होता व्हय? मेला असता म्हंजे?" त्यानं लेकरावानी मान खाली घातली. मग तेच ओलं फडकं तिनं माझ्या हातात दिलं. माझं डोकं मीच पुसलं.

गारा थांबल्यावर बाहेर आलो. चिंचेची दांडगी फांदी मी बसलो होतो तिथंच मोडून पडली होती. माझी पिशवी तिच्याखाली.

भाऊ म्हणला, "हिचे उपकार मान."

"मानतो. पर हाक तुझी होती."

"हाकंचं काय एवढं? घे की अर्धी!"

वैनी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं न्हाई.

आता मोबाईल बोंबलला की मी आधी घर गाठतो. दुसऱ्याच्या बायकोच्या हाकेवर उठायची पाळी परत नको.